वाडीत चार दिवस, आप्पांसोबत

शुक्रवार

आप्पांच्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, बीपीच्या गोळ्या आणि एक स्क्रूड्रायव्हर होता. लांब दांड्याचा, पिवळ्या मुठीचा. "आजारी माणसाला बघायला चाललोय आपण. हा कशाला?" मी विचारलं. "असू दे. लागतो," एवढंच म्हणाले. शहात्तर वर्षांच्या माणसाशी गाडीच्या घाईत वाद घालू नये, म्हणून मी मुकाट्यानं चेन लावली.

तात्या मोरीत घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हे कळल्यापासून आप्पांचं घरात लक्ष नव्हतं. तात्या त्यांचे कारखान्यातले सोबती. आप्पा मोल्डर, तात्या पॅटर्नमेकर. एकानं लाकडात करायचं, दुसऱ्यानं ते वाळूत उठवायचं आणि मग लोखंडानं त्यात जाऊन बसायचं. तीस वर्षं दोघांनी किर्लोस्करवाडीत हेच केलं. आम्ही मात्र कॉलनीत राहिलो नाही. बाहेर, रामानंदनगरला, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तरी कुणी "कुठली गं तू?" विचारलं की मी अजून ठोकून देते, "वाडीची."

दुपारी पुण्याहून कोयना एक्सप्रेस पकडली. आईचे गुडघे प्रवासाला तयार नाहीत, ती लेकीपाशी घरी थांबली. म्हणजे माझ्या लेकीपाशी. खिडकी अर्थातच आप्पांना. नीरा, लोणंद, मग आदर्कीचा घाट, वाठार. प्रत्येक स्टेशन यायच्या आधीच ते नाव घेतात आणि पाटी दिसली की मान हलवतात, जणू हजेरी घेतायत. वर विजेच्या तारा आल्या, बाजूला दुसरा रूळ पडला, त्याचं त्यांना विशेष काही नाही. "पण गाडीचा आवाज बदलला," म्हणाले. डिझेलचं इंजिन घाटात कण्हायचं, ते त्यांना हवं होतं.

कराड स्टेशनला गाडी थांबली. हे स्टेशन मुळात ओगलेवाडीत आहे. कराड गाव इथून बरंच लांब, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. ओगलेवाडीचं नाव काचेच्या कारखान्यावरून पडलं. ओगले बंधूंचा 'प्रभाकर' कंदील एकेकाळी महाराष्ट्रात घरोघर होता. आमच्याकडेही होता. लाईट गेली की त्याची काच आई कोळशाच्या राखेनं पुसायची आणि आप्पा दर वेळी एकच वाक्य बोलायचे, "काच त्यांची, लोखंड आमचं." औंध संस्थानच्या राजानं आपल्या एवढ्याशा, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या राज्यात ओगल्यांनाही आसरा दिला आणि किर्लोस्करांनाही. संस्थान केवढं आणि राजाची हौस केवढी, असं मला नेहमी वाटतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, सूर्यनमस्कारांचा प्रचार करायचे आणि मधल्या वेळात अशी कामं करून ठेवायचे.

पुढचं स्टेशन शेणोली. इथं ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रज सरकारचा पगार घेऊन चाललेली गाडी लुटली. प्रतिसरकारचा सगळा मुलूखच हा. क्रांतिसिंह नाना पाटलांचा, कुंडलच्या जी. डी. बापू लाडांचा. "बघ, पगार सात तारखेलाच असतो," आप्पा म्हणाले. शेणोली आली की हा विनोद येतोच. मी लहानपणापासून त्यावर हसत आलेय, आजही हसले.

भवानीनगर, ताकारी आणि मग वाडी. आप्पा ताकारीलाच पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभे. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. कारखाना आला, त्याची वस्ती झाली, मग नावही बदललं. फलाटावर उतरल्यावर मी नाक वर करून वास घेतला. माझ्या लहानपणी संध्याकाळी इथं जळक्या कोळशाच्या भुकटीचा आणि तेलाचा एक उग्र वास असायचा, आप्पांच्या सदऱ्याला यायचा तोच. आज पाचट पेटवल्याचा धूर आला. जानेवारी आहे, उसाचा हंगाम जोरात. फाटकाबाहेर कुंडलच्या साखर कारखान्याकडं निघालेली ट्रॅक्टरची जोडगाडी उभी होती, त्यावर इतक्या मोठ्यानं गाणी चाललेली की मामेभाऊ काय म्हणाला ते मला दोनदा ऐकावं लागलं.

"ताई, गाडीत बस म्हणतोय! थंडी हाय!"

मुक्काम दुधोंडीला, मामाच्या घरी. जेवायला शेंगदाण्याची आमटी, भाकरी आणि मामींनी खास काढलेला वर्षाचा खर्डा. लवकर झोपलो.

शनिवार

पहाटे जाग आली ती सवयीनं, भोंग्याच्या वेळेला. भोंगा मात्र माझ्या डोक्यातच वाजला. आमच्या लहानपणी घरात एकच घड्याळ होतं आणि ते कायम पाच मिनिटं मागं असायचं, पण कुणाचं काही अडत नव्हतं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई चुलीवर चहाचं आधण ठेवी. दुपारचा झाला की शाळेत खिचडी. संध्याकाळचा झाला की खेळ बंद, हातपाय धुवून दिवा. शेतातली माणसंसुद्धा त्यावर बैल सोडायची. परीक्षेत एकदा "वेळ मोजण्याची साधने" असा प्रश्न होता. मी वाळूचं घड्याळ, घटिकापात्र आणि भोंगा लिहून आले.

नऊ वाजता मामेभावानं गाडीवरून वाडीत सोडलं. आप्पांना आधी गेटासमोर उभं राहायचं होतं, तात्या नंतर. गेटाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, एका झाडाखाली ते पाच-सात मिनिटं नुसते उभे राहिले. आत जायची परवानगी वगैरे आम्ही काढली नव्हती, काढायची इच्छाही त्यांना दिसली नाही. पोरं पाळीला आत जात होती. हेल्मेट, गळ्यात कार्ड. "आमच्या वेळी पितळी बिल्ला हुता," ते एका पोराला म्हणाले. त्या पोरानं कानातली वायर काढून "काय म्हणालात, आजोबा?" विचारलं. आप्पांनी "काही नाही, जा," म्हणून हात हलवला.

मग मला घेऊन कॉलनीतून चालत निघाले आणि चालता चालता वाडीची गोष्ट सांगायला लागले. ही गोष्ट मला पाठ आहे. त्यांनाही ते माहीत आहे. तरी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथं कळलं, डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकला सुटली. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत, म्हणून ते शिकले, तेच शिकवायलाही लागले. पुढं बढती हुकली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि सायकलींचं दुकान टाकलं. सायकलीवरून कडबा कापायचं यंत्र, तिथून लोखंडी नांगर. बेळगावात नगरपालिकेला ती जागा वस्तीसाठी हवी झाली, चंबूगबाळं उचलावं लागलं. तेव्हा औंधच्या राजानं बोलावलं. कुंडल रोड स्टेशनाशेजारी बत्तीस एकर माळ. निवडुंग, नाग, पाणी नाही. साल १९१०.

"रंग नीट दिसले असते तर काय झालं असतं?" हा प्रश्न आप्पा गोष्टीच्या शेवटी विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "दिवाणखान्यात टांगायला चित्रं झाली असती. मी गुरं राखली असती."

त्यांच्या गोष्टीत नांगराला मोठी जागा आहे. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंड जमिनीत गेलं तर जमीन बाटते, विष होतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. कारखान्याची राखण करायला लक्ष्मणरावांनी तुरुंगात जाऊन आलेली माणसं ठेवली, हेही आप्पा अभिमानानं सांगतात. एक गोष्ट मात्र त्यांच्या सांगण्यात कधी येत नाही, ती माझी मी जोडते. याच माळावरून १९२० मध्ये 'किर्लोस्कर' मासिक निघालं, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. शंकरराव किर्लोस्कर संपादक. जिथं भट्टी पेटायची त्याच वस्तीत बायकांनी काय वाचावं, काय नेसावं, नवऱ्याशी भांडावं की नाही, यावर छापून येत होतं. माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक बांधून ठेवलेले होते. आजीला वाचता येत नव्हतं. शेजारणीकडून एकेक पान वाचून घ्यायची आणि पटलं नाही तर शेजारणीलाच बोलायची.

कॉलनीतले रस्ते तसेच सरळ, झाडं तशीच दाट. मैदान मात्र मला केवढंसं वाटलं. याच मैदानाला एक फेरी मारताना माझा जीव जायचा.

तात्या बाहेरच्या खोलीत कॉटवर होते, पाय उशीवर. आप्पांना बघून उठायला लागले तसं काकूंनी दटावलं.

"पडलास कसा रं?" आप्पा.

"मोरीतल्या फरशीला उतार जास्त दिलाय गवंड्यानं. दोन सूत तरी जास्ती हाय. मी सांगत हुतो."

"मोजलास व्हय?"

"पडल्या पडल्या."

मग दोघं एवढे हसले की काकूंना पुन्हा ओरडावं लागलं. मला म्हणाल्या, "हे दोघं म्हातारे न्हाईत व्हायचे. तू आत ये गं, च्या घे."

मी आत गेले नाही, कारण माझी नजर भिंतीवरच्या खिळ्याकडं गेली होती. तिथं पट्टी लटकत होती. स्टीलची, कडा काळवंडलेली. ती पट्टी! तिच्यापायी मला सातवीत भूमितीचे मार्क गेले होते.

झालं असं. कंपासमधली माझी प्लॅस्टिकची पट्टी मोडली. तात्या संध्याकाळी आमच्याकडं बसायला यायचे, त्यांच्या खिशात स्टीलची पट्टी असायची. मी न विचारता उचलली आणि दुसऱ्या दिवशी चाचणीला घेऊन गेले. स्टीलच्या पट्टीचा रुबाबच वेगळा. दहा सेंटिमीटरची रेघ काढली, त्रिकोण काढला, वर्तुळ काढलं. बाईंनी आपल्या पट्टीनं तपासलं आणि एकूण एक रेघेखाली लाल खूण. दहाची रेघ दहा पूर्णांक एक. प्रत्येक. मी रडत घरी आले. आप्पांनी वही बघितली, पट्टी बघितली आणि तात्यांना बोलावून आणलं. दोघं माझ्या वहीवर वाकून इतका वेळ हसत होते की आईनं शेवटी वही ओढून घेतली.

त्या रात्री तात्यांनी जे समजावलं ते मी कुठल्याच पुस्तकात तेवढं सोपं वाचलेलं नाही. लोखंडाचा रस साच्यात ओततात तेव्हा तो फुगलेला असतो. गार होता होता आकसतो. बिडाचं लोखंड साधारण शंभरात एक. म्हणजे तुला मीटरभर लांबीचा नग पाहिजे असेल तर लाकडी नमुना सेंटिमीटरभर मोठा करावा लागतो. आता प्रत्येक मापात हा हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मोठी करून ठेवलेली असते. तिच्यावर तीनशे लिहिलंय, पण ती खरी तीनशे तीन आहे. "आमची पट्टी खोटं बोलती, म्हणून नग खरा येतो," तात्या म्हणाले होते. मी विचारलं, मग माझे मार्क? "तुझं मार्क गार व्हायचं ऱ्हायल्यात."

बाईंना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

आज तात्यांनी ती पट्टी खिळ्यावरून काढायला लावली आणि माझ्या हातात ठेवली. "घिऊन जा. हितं कुणाला कळत न्हाई. नातू दोनदा भंगारात टाकाय निघाला हुता." मी मैदान लहान वाटल्याचं सांगितलं. तात्यांनी छताकडं बघत हिशेब केला. "एक टक्काच लहान झालं आसंल."

आप्पांच्या कामाबद्दल मला जे कळलं ते असंच घरात, कारखान्याच्या बाहेर. खंडेनवमीला ते मला एकदा आत घेऊन गेले होते, पण त्या दिवशी सगळं बंद. यंत्रांना झेंडूच्या माळा, लेथवर हळदकुंकू, जमीन झाडून काढलेली. मला ते देवळासारखं वाटलं आणि जरा कंटाळाही आला. खरं फाउंड्रीचं काम मी बघितलं ते दिवाळीच्या किल्ल्यात. किल्ल्यावर ठेवायला तोफ हवी होती. आप्पांनी अंगणातली ओली वाळू चाळली, त्यात थोडा राखोंडा घातला. पत्र्याचे दोन डबे तळ काढून एकावर एक बसतील असे केले. खालची पेटी, वरची पेटी. तात्यांनी सागवानाच्या तुकड्यातून बोटाएवढी तोफ कोरून दिली होती, मधोमध उभी चिरलेली, दोन अर्धी. अर्धी खालच्या पेटीत दाबायची, वाळू ठोकायची, वरून पावडर भुरभुरायची म्हणजे वरची वाळू खालच्या वाळूला चिकटत नाही. मग दुसरं अर्धं, वरची पेटी, पुन्हा ठोकणं. पेट्या अलगद सोडवल्या, लाकूड काढून घेतलं आणि पुन्हा बसवल्या की आत तोफेच्या आकाराची पोकळी राहते.

"आता इथून ओतायचं. आणि हे दुसरं भोक?" त्यांनी विचारलं.

"हवा जायला?"

"हवा जाती वाळूतनं. ते भोक तहानेसाठी." ते गुडघ्यावर बसून सांगत होते. नग गार होताना आकसतो, आकसताना त्याला आणखी रस लागतो. तो मिळाला नाही तर आत पोकळी राहते आणि नग वाया. म्हणून वर थोडा जास्तीचा रस भरून ठेवायचा. तो सगळ्यांत शेवटी गार झाला पाहिजे. नगाला लागेल तसा तो देत राहतो आणि काम झालं की त्याला हातोड्यानं तोडून परत भट्टीत टाकतात. त्याला म्हणतात रायझर.

आम्ही मेण वितळवून ओतलं. तोफ छान आली. रायझर तोडायला मला दिला.

दुपारी काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतताना रामानंदनगरच्या आमच्या खोल्या बघितल्या. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. मालकानं आत बोलावून चार्जर दाखवले, एक घेतला.

रविवार

आज गोठ्यातून नांगर निघाला.

निघाला म्हणजे मामा जुनं लोखंड विकायला काढत होते आणि कडब्याच्या गंजीमागून तो सापडला. आजोबांचा. फाळ झिजून पातळ झालेला, इसाड गायब, गंज इतका की हात लावला की तळवा लाल. आजोबांचे वडील म्हणे लोखंडी नांगराला शिव्या द्यायचे आणि आजोबांनी तो त्यांच्या पश्चात घेतला. ही नदीकाठची काळी जमीन, उन्हाळ्यात दगड होते. लाकडी नांगर वरवर ओरखडे काढायचा, हा खोल जाऊन हरळीच्या मुळ्या उलट्या करायचा. पण ओढायला बैल तीन-चार जोड्या लागायचे आणि ते एका घरात नसायचे. म्हणून भावकीतल्या सगळ्यांचे बैल एकत्र जुंपायचे, आज याचं रान, उद्या त्याचं. "त्या नांगरानं आमची भांडणं मिटवली," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "ट्रॅक्टर आल्यावर पुन्यांदा सुरू झाली."

आप्पा नांगरापाशी उकिडवे बसले होते. बोटानं गंज खरवडत त्यांनी ओतलेला भाग आणि ठोकून केलेला भाग वेगळे करून दाखवले. मामेभावाला यात रस नव्हता, भंगारवाला किलोला काय देतो यात होता. नांगर शेवटी विकला गेला नाही. मामींनी तो परसात तुळशीशेजारी ठेवायला लावला. वाळवणाला दोरी बांधायला बरा पडेल म्हणाल्या.

दुपारी झोप, मग मामाच्या द्राक्षबागेत चक्कर. द्राक्षं अजून आंबट.

रात्री खरी मजा झाली. शेतीची वीज या आठवड्यात रात्रीची आहे. नदीवरची मोटर सामायिक, आठ जणांत, प्रत्येकाच्या तासांच्या पाळ्या ठरलेल्या. मामेभावाची पाळी रात्री अकराला. तो स्वेटर घालून निघाला तसे आप्पाही उठले. "दाजी, तुम्ही कुठं? थंडी काय पडलीया! आनि बिबट्याच्या बातम्या ऐकताय न्हवं?" मामा म्हणाले. आप्पांनी मफलर गुंडाळला. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. मी त्यांच्या मागं.

उसाच्या फडांतून बॅटरीच्या उजेडात खाली नदीवर गेलो. पंपघराच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, ऑइलपेंटनं ओढलेल्या रेघा. एकीवर २००५, तिच्यावर २०१९. ही वरची रेघ माझ्या डोक्यापेक्षा उंच. "पाणी चढायला लागलं की आधी मोटर सोडवून वर न्यायची, मग घरातली माणसं," मामेभाऊ म्हणाला. चेष्टा करत होता की खरं सांगत होता, कळलं नाही.

फुटबॉल गळका होता. इकडं पंपाच्या खालच्या झडपेला फुटबॉल म्हणतात, मीही कॉलेजात जाईपर्यंत तिचं खरं नाव फूट व्हॉल्व आहे हे ऐकलं नव्हतं. तो गळका असला की पंपातलं पाणी उतरतं आणि मग चालू करायच्या आधी बादलीनं भरावं लागतं. भरलं. स्टार्टर दाबला. घर्रर्र झालं आणि पाईप थरथरून पाण्यानं भरल्याचा आवाज वर टेकडीकडं निघून गेला.

आप्पा पंपाशी वाकले. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी बेअरिंगच्या जागी टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर नळी लावतात तसंच. डोळे मिटलेले. मग टोक दुसऱ्या बाजूला. मामेभाऊ माझ्याकडं बघून हसायला लागला, मी त्याला डोळ्यानं दाबलं.

"ग्रीस कधी घातलंस?"

"दिवाळीत... का दसऱ्याला..."

"कुठल्या?"

मामेभाऊ गप्प. आप्पांनी ग्लँडपाशी, म्हणजे शाफ्ट पंपात शिरतो तिथल्या दोरी भरलेल्या जागेपाशी, बोट लावलं. तिथून एक थेंबही येत नव्हता. "आणि हे कुणी आवळलं?"

"मीच. गळत हुतं, दाजीकाका."

"गळायलाच पायजे. थेंब थेंब. त्या पाण्यानं दोरी गार ऱ्हाती. तू आवळून ठेवलंस की ती जळणार, शाफ्ट खाणार." पाना मागवला, नट अर्धा फेरा सैल केले. थेंब आला. दुसरा आला. आप्पांनी मोजल्यासारखे बघितले आणि पाना परत दिला. ग्रीस उद्या आणून घालायचं कबूल करून घेतलं.

मग बॅटरी माझ्याकडून घेऊन त्यांनी केसिंगवरून, म्हणजे पंपाच्या ओतीव कवचावरून, उजेड फिरवला. ओतकामाच्या मधोमध एक बारीक उभारलेली रेघ असते, वरची आणि खालची पेटी जिथं मिळाल्या तिथली. घासून काढली तरी बोटाला लागते. त्या रेघेवरून त्यांनी अंगठा पूर्ण गोल फिरवला.

"तुमचा असेल का हा?" मी विचारलं.

"कसं कळणार? त्यावर मोल्डरचं नाव नसतं." आणि थोड्या वेळानं, "साचा चांगला बसलाय पण."

मला एकदम लक्षात आलं की हा माणूस तीस वर्षं पंपांचे साचे ठोकत होता आणि नदीवर रात्री चालणारा पंप बघायला आज पहिल्यांदा आलाय. विचारलं तर म्हणाले, "येळ कुठं हुता? ह्येंची पाळी रात्री, आमची पण रात्री."

मामेभाऊ पाणी बघायला वर बांधावर गेला. आम्ही दोघं पंपघराच्या पायरीवर. नदीवरून थंडी वर येत होती. मी मध्येच डुलकी काढली असेन. जाग आली तेव्हा आप्पा तसेच बसलेले, मफलर कानाच्या मागं सारलेला, नीट ऐकता यावं म्हणून. पलीकडच्या काठावरही कुणाची तरी मोटर चालू होती. "ती बघ, तिचा इंपेलर घासतोय," ते म्हणाले. इंपेलर म्हणजे पंपातलं फिरतं चाक. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

पाळी संपायला आली तेव्हा पुढचा गडी सायकलवरून आला. त्यानं वाकून बघितलं, "ग्लँड गळतंय की ओ," म्हणाला आणि पान्याला हात घातला. आप्पांनी त्याचा हात धरून त्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. तो जांभया देत ऐकत होता.

सोमवार

सकाळी मामेभाऊ न सांगता जाऊन ग्रीसचा डबा घेऊन आला. निघताना मामींनी खर्डा, काकवी आणि आंबट द्राक्षं दिली. "पुण्यात ठेवली की पिकतील." द्राक्षं तोडल्यावर पिकत नाहीत हे बागाईतदाराच्या बायकोला कोण सांगणार? भडंग सांगलीचंच हवं म्हणून आईनं बजावलं होतं, पण सांगलीला जाणं झालं नाही. स्टेशनाबाहेर मिळालं ते घेतलं. पुडीवर सांगली लिहिलंय, तेवढं पुरे.

तात्यांना जाता जाता पाच मिनिटं भेटलो. मोरीच्या फरशीखाली काकूंनी सिमेंट भरून घेतलं होतं. तात्यांच्या मते आता उतार उलटा झालाय.

गाडीत आप्पा ताकारीच्या आधीच झोपले. शेणोली त्यांच्याविना गेली.

घरी आल्यावर लेकीनं पिशवी उपसली. भडंग बाजूला, खर्डा बाजूला, मग पट्टी. सातवीतच आहे तीही. थोड्या वेळानं वही घेऊन आली.

"आई, ही पट्टी चुकीची आहे. बघ, माझ्या पट्टीला लावून बघ. एक मिलिमीटर, दोन मिलिमीटर... पुढं पुढं वाढतच जातंय."

आतल्या खोलीतून आप्पांचा आवाज आला.

"अगं, लोखंड गार तर हुऊ दे."